ट्रिपच्या चिठ्ठ्या आणि सिनेमाचा कागद : एका धावपटूच्या चरित्रपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या म्हापशाच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आयकर विवरणपत्राची मुदत ३१ तारखेला संपते आणि पेडण्यापासून साखळीपर्यंतची माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. अशाच एका संध्याकाळी बाई आल्या. बाई एका विद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतात. माझी मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली, म्हणून आमच्या घरातही त्या बाईच. त्यांनी पगाराचा फॉर्म १६ पुढे केला आणि जरा अडखळत विचारलं, "भाऊ, आणखी ५१ हजार आलेत. सिनेमाचे. ते कुठे दाखवायचे?"

मी त्या पैशांमागचा कागद मागितला. दोन पानी, इंग्रजी, पाचशेच्या स्टँपवर. पुढे बराच काळ आम्ही त्या कागदाशी झगडलो.

हे प्रकरण बाई आणि सरांच्या घरचे यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. रकमांचं आपसातलं प्रमाण मात्र तसंच ठेवलंय.

बाई डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातल्या. वडिलांचा स्वतःचा ट्रक, खनिज वाहायचा. दिवस उजाडला की रस्त्यावर ट्रकांची रांग लागायची आणि तांबड्या धुळीत श्वास घेणं मुश्कील व्हायचं, म्हणून मुलगी पहाटे साडेचारला पळायची. शाळेतले सर मागून स्कूटर घेऊन, हेडलाइट लावून, घड्याळ धरून यायचे. तिला राष्ट्रीय पातळीवर दोन पदकं मिळाली. मग पायाची दुखापत, मग नोकरी, मग लग्न. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला आणि माहेरचं घर बाईंच्या पगारावर आलं.

या धावण्याचा एक लेखी पुरावा आहे. खाणीवरच्या प्रत्येक खेपेची एक चिठ्ठी मिळायची, तिला घरात 'ट्रिपची चिठ्ठी' म्हणत. महिन्याचा हिशेब झाला की जुन्या चिठ्ठ्या रद्दी. त्यांच्या कोऱ्या पाठीवर रोजच्या वेळा लिहिल्या जायच्या आणि वेळेच्या खाली एखादी ओळ. मी त्या हातात घेऊन पाहिल्या आहेत. सुतळीने बांधलेले चार गठ्ठे, कडा तांबूस, शाई काही ठिकाणी घामाने पसरलेली. एकीवर लिहिलंय : "पाय दुखतो म्हणाली. तरी पळाली. उद्या विश्रांती द्यावी." दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर पुन्हा वेळ आहे. विश्रांती दिलेली नाही.

कागदावर काय होतं

नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. २००४ पासून तो गोव्यात भरतो आणि त्या आठ-दहा दिवसांत मुंबईचे निर्माते, लेखक, पैसा लावणारे सगळे एका शहरात गोळा होतात. पणजीत कार्यक्रमांची कंत्राटं घेणारा एक ओळखीचा माणूस बाईंना म्हणाला, "ताई, तुमच्या आयुष्यावर पिक्चर व्हायला हवा, माझा निर्माता आहे." एका हॉटेलच्या लॉबीत भेट झाली, चहा झाला, सही झाली. बाईंनी चारही गठ्ठे विश्वासाने देऊन टाकले.

कागद सांगत होता की बाई आपली जीवनकथा आणि 'सर्व संबंधित साहित्य' सर्व माध्यमांत, सर्व भाषांत, जगभर आणि कायमसाठी देत आहेत. ५१ हजार आत्ता, पाच लाख चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी. चित्रीकरण झालंच नाही तर काय, याबद्दल अक्षर नाही. कथेत हवे ते बदल करता येतील आणि त्याविरुद्ध बाई कोर्टात जाणार नाहीत. शिवाय 'निव्वळ नफ्यात' दोन टक्के. बाईंना त्या दोन टक्क्यांचंच अप्रूप होतं.

हिशेबनीस म्हणून मला त्याची सगळ्यात जास्त चीड आली. सिनेमाच्या जमाखर्चात निव्वळ नफा अगदी शेवटच्या ओळीला येतो. त्याआधी कर्जाचं व्याज, वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च, निर्मिती संस्थेच्या कचेरीचा खर्च आणि निर्मात्याचं स्वतःचं मानधन वजा होतं. म्हणजे निर्मात्याचा पैसा खर्चाच्या रकान्यातून आधीच निघालेला असतो, मुख्य नटाचाही. शेवटची ओळ शून्यावर आली तरी या दोघांचं काही अडत नाही. त्या ओळीवर ज्याचा वाटा लिहिलाय, अडतं फक्त त्याचं. आणि ते खातं लिहिणारा माणूस निर्मात्याचा पगारी असतो.

अडचण नेमकी कुठे होती

मी बाईंना आमच्या इमारतीतल्या वकील मॅडमकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते ऐकून बाईंचा चेहरा उतरला : जीवनकथा ही कायद्याच्या नजरेत जमिनीसारखी किंवा घरासारखी मालमत्ता नाहीच. घडलेल्या गोष्टींवर कोणाचा कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात सांगून ठेवलंय की सार्वजनिक नोंदींत असलेल्या माहितीवर संबंधित माणसाच्या संमतीशिवायही लिहिता येतं. त्यापलीकडे जाऊन खासगी आयुष्यात शिरलं, तर संमतीचा प्रश्न येतो. म्हणजे शर्यतींचे निकाल आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या घेऊन उद्या कोणीही सिनेमा काढला असता.

मग निर्मात्याने पैसे कशाचे दिले? याचं उत्तर सापडलं तेव्हा पुढची वाट दिसली. त्याने तीन गोष्टी घेतल्या होत्या. नंतर दावा न लावण्याचं वचन, घराच्या आत शिरायची मुभा आणि ते गठ्ठे. तिसरी गोष्ट मात्र मालमत्ता आहे. चिठ्ठीवरच्या वेळा ही निव्वळ माहिती, पण खालच्या ओळी हे कोणीतरी लिहिलेलं लेखन आहे आणि त्यावर लिहिणाऱ्याचा कॉपीराइट असतो.

मॅडमनी सहज विचारलं, "हे सगळं तुमचंच अक्षर ना?"

बाई म्हणाल्या, "पहिले दोन गठ्ठे सरांच्या अक्षरात आहेत. तेव्हा मी नववीत होते. नंतर त्यांनी मला लिहायला लावलं."

सरांची सही कुठेच नव्हती. सरांना सिनेमाबद्दल कोणी सांगितलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात पटकथेचा कच्चा खर्डा आला. त्यात सर दारुडे होते आणि मुलीच्या बक्षिसाचे पैसे उचलत होते. लेखकाचं म्हणणं, कथेत कोणीतरी आडवं यायला हवं. हे नवीन नाही. 'दंगल'मधल्या प्रशिक्षकाच्या पात्रावर गीता फोगाटचे खरे प्रशिक्षक प्यारा राम सोंधी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. पडद्यावर नाव बदललं म्हणून गावातली माणसं ओळखायची थांबत नाहीत. डिचोलीत त्या काळात पहाटे मुलींना पळायला शिकवणारे सर किती होते?

समोरचे पर्याय

काहीच न करता चित्रीकरणाची वाट पाहायची, हा पहिला पर्याय. बाईंच्या यजमानांचा कल तिकडे होता. "आलेले पैसे आले, भानगड कशाला?" बाई गावात राहतात, नोकरी करतात, आईवडील थकलेत, त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही.

नोटीस देऊन कागदच रद्द मागायचा, हा दुसरा. मॅडमनी तो फार ताणला नाही. बाई पदवीधर, सही स्वतःची, पैसे घेतलेले. फसवणूक सिद्ध करायला वर्षं गेली असती.

तिसरा पर्याय कायद्यातच होता. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क देणारा दस्तऐवज लेखी आणि सहीचा तर हवाच, शिवाय कोणतं लेखन दिलं हे त्यात ओळखू येईल असं नमूद हवं. 'सर्व संबंधित साहित्य' या दोन-तीन शब्दांवर ते भागेल का, याची मॅडमना शंका होती. त्याच कलमात असंही आहे की घेणाऱ्याने हक्क मिळाल्यापासून वर्षभरात ते वापरले नाहीत आणि दस्तऐवजात वेगळं काही लिहिलं नसेल, तर त्या हक्कांपुरता दस्तऐवज संपला असं धरलं जातं. सही नोव्हेंबरातली, आम्ही होतो ऑगस्टात. तीन महिने गप्प बसलो असतो तर निदान बाईंच्या लेखनाचा हक्क परत आला असता.

चौथा पर्याय म्हणजे ताबडतोब टेबलावर बसायचं. त्याला कारण होतं. निर्मात्याचं एका ओटीटी मंचाशी बोलणं सुरू होतं आणि असे मंच पैसे सोडण्याआधी हक्कांची सगळी साखळी तपासतात. कथेत दिसणाऱ्या प्रत्येक जिवंत माणसाचं संमतीपत्र मागतात, नंतर कोणी दावा लावला तर म्हणून विमा मागतात. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'च्या वेळी जीवनकथेचे हक्क आपण आधीच घेतलेत असा दावा हैदराबादच्या एका चित्रपटकर्त्याने केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. तेव्हापासून या क्षेत्रातली माणसं जास्तच जपून असतात. आमच्या निर्मात्याला आता बाईंच्या आईची, यजमानांची आणि सरांची सही हवी होती. मध्यस्थ तीन कोरी संमतीपत्रं घेऊन बाईंच्या दारात आलाही.

आम्ही चौथा पर्याय घेतला.

काय केलं

सगळ्यात आधी सरांकडे जायला हवं होतं. बाई टाळत होत्या, मीही तीन आठवडे टाळलं. शेवटी एका रविवारी आम्ही साखळीला गेलो. सर सत्तरी ओलांडलेले, ओसरीत पंचांगाशेजारी बसलेले. खर्ड्यातली त्यांची पानं आम्ही वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाईंना म्हणाले, "दोन वर्षं पहाटे स्कूटर घेऊन तुझ्या मागून आलो. पेट्रोल माझं होतं. मला पैसे पाहिजेत. आणि मी दारू पीत नव्हतो, हे लिहून पाहिजे."

मला ते फार बरं वाटलं. मोठ्या मनाच्या गुरूने काही मागू नये, अशी आपल्याकडे अपेक्षा असते, आणि त्या अपेक्षेचा फायदा नेमका तिसऱ्याच माणसाला होतो.

बैठक बाईंच्या घरी झाली. निर्मात्याच्या माणसाने कोकम सरबताचा पेला खाली ठेवत पहिलंच वाक्य टाकलं, "मिल्खासिंगांनी एक रुपया घेतला होता." खरं आहे. २०१३ च्या चित्रपटासाठी त्यांनी एक रुपया घेतला, आणि त्यांना दिलेली नोट १९५८ ची होती, ज्या वर्षी त्यांनी कार्डिफला राष्ट्रकुलाचं सुवर्णपदक जिंकलं. पण त्याच करारात नफ्याचा वाटा त्यांच्या नावाच्या धर्मादाय न्यासाला देण्याचं कलम होतं, हा भाग अशा बैठकांत कोणी सांगत नाही. मी तो सांगितला. मग आमच्या बाजूने बबिता फोगाट यांचं २०२४ मधलं बोलणं काढलं : 'दंगल'ने दोन हजार कोटींच्या आसपास कमावले आणि आमच्या कुटुंबाला एक कोटी मिळाले, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि महेंद्रसिंग धोनीवरच्या २०१६ च्या चित्रपटाचं उदाहरण. त्यात धोनीचे व्यवस्थापक अरुण पांडे यांची कंपनीच सहनिर्माती होती. म्हणजे खेळाडूच्या बाजूचा माणूस खातं लिहिणाऱ्यांच्या रांगेत बसला होता. आमच्याकडे त्या रांगेत बसण्याइतकं बळ नव्हतं, तेव्हा आम्ही नफ्याचा विषयच सोडला आणि ठराविक रकमा मागितल्या.

चार बैठकांनंतर नवा करार झाला. बाईंना एकूण ११ लाख, तीन हप्त्यांत, आणि हप्ते चित्रीकरणाला नव्हे तर तारखांना बांधलेले. सरांशी स्वतंत्र करार, दोन लाख. तीन वर्षांत सिनेमा पुरा झाला नाही तर सगळे हक्क परत. चिठ्ठ्यांचे फोटो काढून मूळ गठ्ठे बाईंकडे. सरांच्या ओळी फक्त या एका सिनेमात वापरता येणार. पटकथा दोनदा वाचायला मिळणार आणि आई, यजमान व सर यांच्याविषयी न घडलेली बदनामीकारक गोष्ट दाखवायची नाही. मराठीत स्वतःचं पुस्तक लिहायची मोकळीक बाईंनी राखली. दोन टक्क्यांच्या बदल्यात, चित्रपट एखाद्या मंचाला 'विकला' गेला तर आणखी चार लाख.

बाईंच्या बाजूने जे सुटलं तेही लिहितो. इतर भाषांतल्या आवृत्त्या आणि पुढचे भाग यांचे हक्क परत मिळाले नाहीत. त्यावर ते हटून बसले आणि आम्ही थकलो होतो.

हाती काय आलं

सिनेमा झाला, नाव बदलून. चित्रीकरण गोव्याबाहेर झालं. सर त्यात चिडके आहेत, पण दारू पीत नाहीत. तिसरा हप्ता आठ महिने उशिरा आला, प्रत्येक महिन्याला एक पत्र टाकल्यावर.

चार लाखांवर मात्र आम्ही आपटलो. निर्मात्याने कळवलं की सिनेमा मंचाला 'विकलेला' नाही. मंचानेच पैसे घालून तो निर्मात्याकडून 'बनवून घेतला', त्यामुळे विक्री झालेलीच नाही. मंचाने बनवून घेतलेल्या कामात निर्मात्याला खर्च आणि वर ठरलेला मोबदला मिळतो, सिनेमा किती जणांनी पाहिला याच्याशी त्याचा संबंध नसतो. आमच्या करारात शब्द एकच होता आणि तो अपुरा होता. भांडून दीड लाख मिळाले.

श्रेयनामावली आम्ही थांबवून थांबवून वाचली. मध्यस्थाचं नाव 'स्थानिक समन्वयक' म्हणून होतं. त्याला निर्मात्याकडून बाईंच्या पहिल्या रकमेच्या तिप्पट मिळाले होते, हे नंतर कळलं. त्याच्या कामाचे पैसे त्याने घ्यावेत, पण सहीच्या दिवशी तो 'ताईंचा माणूस' म्हणून बसला होता.

गोव्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण बाहेरच्या सल्लागारांच्या ती लक्षात येत नाही. आपल्याकडच्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतरची मिळकत नवरा-बायकोची समाईक असते, आणि आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए) पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत निम्मं निम्मं दाखवावं लागतं. सिनेमाचे पैसे पगार नाहीत. मी यजमानांच्या विवरणपत्रात अर्धी रक्कम लिहिली तेव्हा ते संकोचून म्हणाले, "मी तर एक पाऊल पळालो नाही हो." तरी त्यांची सही त्या कागदांवर पहिल्या दिवसापासून हवी होती. पहिल्या कागदाच्या वेळी त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

मी ऑगस्टात बैठक मागितली ती घाई झाली, असं आज वाटतं. नोव्हेंबर उलटू दिला असता तर बाईंच्या दोन गठ्ठ्यांचा हक्कही हातात घेऊन बसता आलं असतं आणि इतर भाषांचे हक्क सोडावे लागले नसते. वकील मॅडमना हे पटत नाही. त्यांच्या मते तेवढ्यात मंचाने दुसरी कथा घेतली असती. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

सरांकडे पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. बाईंच्या आयुष्याची गोष्ट एकट्या बाईंची नव्हती. आई पहाटे चारला उठून भाकरी थापायची, वडील परतीच्या खेपेत पाण्याचा कॅन आणायचे, सोबत पळणारी दुसरी एक मुलगी होती जी दहावीनंतर थांबली. त्या मुलीचं पात्र सिनेमात आहे. तिला आम्ही शोधलं नाही, निर्मात्यानेही नाही. तिचं संमतीपत्र आहे की नाही मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर करार लांबला असता. हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

आणि 'विक्री' या शब्दाजागी 'कोणत्याही मंचावर कोणत्याही प्रकारे प्रदर्शित झाल्यास' असं लिहायला हवं होतं. एका ओळीचे अडीच लाख गेले.

सध्या

गेल्या पावसाळ्यात सर गेले. सिनेमा त्यांनी शाळेच्या सभागृहात मुलांबरोबर पाहिला होता.

महिन्याभरापूर्वी निर्मात्याचं पत्र आलंय : दुसऱ्या भाषेत सिनेमा करायचा आहे. बाईंचा हक्क त्यांच्याकडे आहे, पण सरांच्या ओळी एकाच सिनेमापुरत्या दिल्या होत्या. माणूस गेला की त्याच्या खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क त्याच्याबरोबर संपतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंग राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात म्हटलंय. लेखनाचा कॉपीराइट मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि वारसांकडे जातो. सरांना आता पडद्यावर कसं दाखवतील, हे त्यांच्या मुलीला अडवता येईलच असं नाही. "उद्या विश्रांती द्यावी" ही ओळ मात्र तिच्या आणि तिच्या आईच्या सहीशिवाय वापरता येणार नाही.

सरांच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीसाठी करायची यादी, सध्या चालू आहे. यादीत घर आहे, साखळीच्या बँकेतली ठेव आहे, स्कूटर आहे. मी त्यांच्या मुलीला स्कूटरच्या खाली आणखी एक ओळ घालायला लावली : ट्रिपच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवरचं हस्तलिखित, दोन गठ्ठे. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरायचंय.